फार क्राय २ आणि मंडळी: कल्पना भन्नाट, मग गोची कुठे झाली?

अंजनवेल (धागाकर्ता)

'फार क्राय २' हा व्हिडिओ गेम ऑक्टोबर २००८ मध्ये आला. त्यावरचे वाद अजून चालूच आहेत, पण बहुतेक जण दोनपैकी एक वाक्य टाकून निघून जातात: "चौक्या परत परत भरतात, वैताग आहे", नाहीतर "असा गेम पुन्हा झाला नाही". दोन्ही खरंच आहे, म्हणून इथे एकेक यंत्रणा सुटी करून बघू. कल्पना काय होती, प्रत्यक्षात काय होतं आणि नेमकी माती कुठे खाल्ली.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युबिसॉफ्ट माँट्रियलचा गेम, क्रिएटिव्ह डायरेक्टर क्लिंट हॉकिंग (आधीचं काम: स्प्लिंटर सेल केऑस थिअरी). आफ्रिकेतला एक निनावी देश, सुमारे ५० चौरस किलोमीटर, उत्तर आणि दक्षिण असे दोन नकाशे. यूएफएलएल आणि एपीआर हे दोन सशस्त्र गट एकमेकांच्या उरावर बसलेले. तुम्ही भाडोत्री मारेकरी. जॅकल नावाच्या शस्त्रविक्रेत्याला उडवायला येता आणि सुरुवातीलाच मलेरियाने आडवे होता.

हॉकिंगने २००९ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये यामागचा विचार मांडला होता. खेळाडू आधी बेत आखतो, मग तो अमलात आणतो. इतर गेम्समध्ये बेत फसला की मरण, आणि मग सेव्ह लोड (जपून ठेवलेल्या टप्प्यावरून पुन्हा सुरुवात). इथे बेत मध्येच थोडासा मोडायचा, इतकाच की खेळाडूने जागच्या जागी दुसरा जुगाड करावा. बंदूक अडकते, वारा फिरून आग तुमच्याच अंगावर येते, गोळी लागून पट्टी बांधायची वेळ येते.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या यंत्रणा बेत चालू असताना आडव्या येतात, त्या जमल्या. ज्या बेतच नसताना, नुसतं इकडून तिकडे जाताना आडव्या येतात, त्या फसल्या. गेम तोच, तत्त्व तेच, फक्त वेळ चुकली.

जमलेल्यांत पहिला नंबर बंदुकांचा. शत्रूच्या हातातून पडलेली बंदूक गंजकी असते. ती अडकते, रीलोडचं बटण दाबून मोकळी करावी लागते, आणि फारच झिजली तर हातात फुटून कायमची जाते. झीज दाखवणारी पट्टी स्क्रीनवर नाही. बंदुकीवरचा गंज आणि मळ बघून ओळखायचं. चकमकीत अर्धा वेळ डोळा शत्रूवर आणि अर्धा स्वतःच्या बंदुकीवर असतो. त्या काळात हे क्वचितच दिसायचं.

दुसरी जमलेली गोष्ट म्हणजे तब्येत. तब्येत दाखवणाऱ्या पट्टीचे पाच तुकडे. चालू तुकडा आपोआप भरतो, पण एखादा पूर्ण गेला की सिरेट (औषधाची छोटी सुई) टोचल्याशिवाय परत येत नाही. शेवटच्या तुकड्यावर आलात की रक्त वाहत राहतं आणि बटण दाबून पकडीने गोळी उपसावी लागते. तेवढे सेकंद तुम्ही निःशस्त्र. म्हणजे आधी आडोसा शोधायचा की आधी गोळी काढायची, हा खराखुरा निर्णय होतो.

चौक्या आणि मलेरियाबद्दल बाकीच्यांनी बोलावं.

---

रात्रपाळी

चौक्यांचं मी घेतो.

रस्त्यांच्या नाक्यांवर चौक्या, प्रत्येक चौकीत थोडे पहारेकरी, बऱ्याच ठिकाणी मशीनगन बसवलेली जीप. तुम्ही सगळ्यांना मारता, पुढे जाता, काम उरकून त्याच रस्त्याने परत येता, आणि चौकी पुन्हा जशीच्या तशी भरलेली. लोक याला आळशीपणा म्हणतात. आळशीपणा नाही तो. ५० चौरस किलोमीटरमध्ये वस्ती म्हणाल तर दोन-तीन गावं. एकदा मारलेले कायमचे मेले तर दहा तासांत नकाशा ओसाड पडेल.

खरा घोळ पुढे आहे. मोनोक्युलर (एका डोळ्याची दुर्बीण) लावून चौकीची टेहळणी केली की दारूगोळा, औषधं, गाड्या, स्नायपर कुठे आहेत ते नकाशावर कायमचं नोंदलं जातं. म्हणजे तुम्ही काय पाहिलंत हे गेम विसरत नाही, तुम्ही काय केलंत ते विसरतो. उलट असतं तर लोकांनी इतक्या शिव्या घातल्या नसत्या.

त्यात भर म्हणजे चौकीतले लोक कुठल्या गटाचे आहेत याला काडीची किंमत नाही. सगळे तुमच्यावर गोळ्या झाडतात. कथेत याचं कारण दिलंय: काम गुप्त आहे, आमच्याच माणसांनाही तू आमचा आहेस हे माहीत नाही. संवादात ठीक वाटतं. पण सकाळी ज्याच्याकडून हिरे (गेममधलं चलन) घेतले त्याचीच जीप दुपारी मागे लागते, तेव्हा दोन गट असण्याचं प्रयोजनच उरत नाही.

---

डॉ. कडुनिंब

मलेरियावर.

ठरावीक वेळाने झटका येतो, स्क्रीन पिवळट होते, नजर अंधुक होते. बटण दाबून गोळी घेतली की संपलं. गोळ्या संपल्या तर 'अंडरग्राउंड'वाल्यांचं काम करायचं: निर्वासितांना प्रवासाची कागदपत्रं पोचवायची आणि बदल्यात गोळ्या घ्यायच्या.

अंजनवेल यांच्या कसोटीवर तपासलं तर हा घड्याळावर चालणारा अडथळा आहे. लढताय की नदीत होडी हाकताय, त्याला फरक पडत नाही. आणि आला तरी उत्तर एकच: बटण. पर्याय नाही म्हणजे निर्णय नाही, आणि निर्णय नाही म्हणजे ती यंत्रणा नव्हे, नुसती आठवण करून देणारी घंटा.

खऱ्या हिवतापाशी याचा फारसा संबंध नाही हे जाता जाता सांगतो. व्हायवॅक्स प्रकारात ताप साधारण ४८ तासांच्या चक्राने, म्हणजे दिवसाआड येतो. आधी हुडहुडी, मग ताप, मग घाम. एका गोळीने ताप जागेवर उतरत नाही, पूर्ण कोर्स घ्यावा लागतो. गेमने वैद्यकशास्त्र पाळावं असा आग्रह नाही, पण त्या चक्रातच चांगली यंत्रणा दडलेली होती: ताप कधी येणार हे आधी कळतं. उद्या संध्याकाळी झटका येणार हे माहीत असेल तर हल्ला आज रात्री करायचा की ताप उतरल्यावर, हा बेत ठरतो. घड्याळ तेच, पण आता ते खेळाडूच्या हातात.

---

घाटावरचा गुंडोपंत

+१. मलेरियाची एकच बाजू राखण्यासारखी वाटते. कागदपत्रांच्या कामांमुळे गेममध्ये निदान थोडे सामान्य लोक दिसतात. नाहीतर अख्ख्या देशात बंदूकधाऱ्यांशिवाय चिटपाखरू नाही. युद्धावरचा गेम आणि युद्ध ज्यांच्यावर लादलंय ती माणसंच गायब! ही माझ्या मते चौक्यांपेक्षा मोठी चूक, पण तिच्यावर कोणी बोलत नाही.

---

सुपारीबाग

मित्रांची (म्हणजे गेममधल्या इतर भाडोत्री सोबत्यांची) यंत्रणा विसरलात राव. इतक्या धाडसाची दुसरी कल्पना या प्रकारच्या गेम्समध्ये सापडणार नाही.

कसं चालतं ते सांगते. गटाकडून काम घेतलं की मित्राचा फोन येतो: "सरळ जाऊ नकोस, आधी हे दुसरं कर." त्याचं ऐकलं तर काम लांबतं पण फायदा होतो, शेवटी तो मित्र संकटात सापडतो, त्याला वाचवलं की तुमच्या सेफ हाऊसमध्ये सुधारणा होते. शिवाय एक मित्र 'बचावासाठी तयार' असतो. तुम्ही पडलात की तो येतो, ओढत बाजूला नेतो, हातात पिस्तूल देतो आणि स्वतः गोळ्या झाडत उभा राहतो. हे एकदाच. पुन्हा तयार करायला सेफ हाऊसवर जाऊन त्याला भेटावं लागतं.

आणि तो त्या चकमकीत जखमी होऊ शकतो. मग सिरेट टोचायची. एकाने भागतं, कधी नाही भागत. तुमच्याकडच्या सिरेट त्याच्यावर संपवायच्या, त्याला तसाच सोडायचा, की जास्त डोस देऊन सुटका करायची. मेला तर कायमचा मेला, संपूर्ण गेमभर.

आता दोष. एक: पीसीवर कुठेही क्विक सेव्ह करता येतं. मित्र मेला की लोड, आणि सगळी यंत्रणा मोडीत. कन्सोलवर सेफ हाऊससारख्या ठरावीक जागीच सेव्ह होत असल्याने तिथे ती खरी चालते. एकाच गेमचे दोन वेगळे खेळ झाले. दोन: मित्रांचं बोलणं इतकं घाईघाईचं आणि सपाट आहे की श्वास न घेता वाचून दाखवल्यासारखं वाटतं. माणूस म्हणून त्याच्याशी नातंच जुळलं नाही तर मरणाचं दुःख कसलं? बचावाची सोय गेली एवढंच वाटतं. यंत्रणेने जे कमावलं ते संवादाने घालवलं.

---

अंजनवेल

@सुपारीबाग, सेव्हचा मुद्दा बरोबर. पीसीवर नव्याने खेळणाऱ्यांना सल्ला: क्विक सेव्हचं बटण सेटिंगमध्ये जाऊन मोकळं करून टाका आणि फक्त सेफ हाऊसमध्ये सेव्ह करा. इन्फेमस ही सर्वांत अवघड पातळी पहिल्यांदाच नको. हार्डकोअरवर मित्रांची आणि सिरेटची किंमत बरोबर कळते.

---

नाठाळ निलगिरी

धागा चांगला, पण कौतुक जरा जास्त होतंय. बंदुकांची झीज 'जमली' म्हणता, ती अर्धीच जमली.

शस्त्राच्या दुकानात हिरे देऊन बंदूक एकदा विकत घेतली की शेजारच्या कोठारातून तीच बंदूक कोरी करकरीत हवी तितक्या वेळा मिळते. वर विश्वासार्हतेची पुस्तिका घेतली की झीज आणखी मंदावते. म्हणजे पहिले पाच-सहा तास सोडले तर शत्रूची बंदूक उचलायची वेळच येत नाही. काम सुरू करण्याआधी कोठारात जायचं, तिन्ही नव्या घ्यायच्या, निघायचं. जागच्या जागी जुगाड करण्याऐवजी दुकानाची एक फेरी वाढली.

हिऱ्यांचीही टंचाई नाही. नकाशावर २२१ पेट्या लपवल्यात आणि जवळ गेलात की जीपीएसचा हिरवा दिवा जोरात लुकलुकतो. निम्म्या जरी शोधल्या तरी हवं ते घेता येतं.

दारूगोळ्याच्या ताफ्यांचं तर हसू येतं. दुकानात नवी शस्त्रं यावीत म्हणून प्रतिस्पर्धी विक्रेत्याचा ताफा उडवायचा. तो ताफा एकाच वर्तुळाकार रस्त्यावर फिरत राहतो, अनंत काळ. रस्त्यावर आयईडी ठेवा, झाडामागे बसा, ट्रक आला की उडवा. बेत मोडायला इथे काहीच नाही.

---

रात्रपाळी

@नाठाळ, कोठाराचा मुद्दा मान्य. स्टॉकर या गेमचा पहिला भाग (शॅडो ऑफ चेर्नोबिल, २००७) दुसऱ्या टोकाला गेला. तिथे बंदूक झिजते आणि दुरुस्तीची सोयच नाही. ती पुढच्या गेममध्ये, क्लिअर स्कायमध्ये आली. त्यामुळे पहिल्या भागात चांगली बंदूक हातात असूनही लोक ती वापरायला कचरतात. वर ५० किलोची मर्यादा. त्यापुढे दमछाक आणि ६० च्या वर गेलात की पायच हलत नाही. म्हणून दोन-तीन बंदुका बाळगून फिरवून वापरायच्या म्हटलं तर वजन आडवं येतं. चिडचिड होते, पण निदान ते ओझं बेताचाच भाग आहे.

---

डांबरी रस्ता

स्टॉकरचा विषय निघालाच आहे तर ए-लाइफबद्दल (त्यातलं जग चालवणारी यंत्रणा) बोलायला हवं, कारण फार क्रायच्या चौक्यांवरचं ते उत्तर मानलं जातं.

तत्त्व असं: झोनमधले (स्टॉकर जिथे घडतो तो प्रदेश) सगळे जीव दोनपैकी एका अवस्थेत असतात. तुमच्यापासून ठरावीक अंतरात (मूळ सेटिंग १५० मीटर) ते 'ऑनलाइन', म्हणजे खरोखर चालतात, दिसतात, गोळ्या झाडतात. त्यापलीकडे 'ऑफलाइन': नुसती आकड्यांची नोंद. कोण कुठून कुठे चाललाय, भेट झाली तर कोण जिंकलं, हे हिशेबाने ठरतं. प्रोसेसरवर फारसा भार नाही, आणि जग तुमच्याशिवाय चालू राहतं.

अडचण १५० मीटरच्या सीमेवर येते. स्नायपर रायफलमधून २०० मीटरवर बघितलं तर मैदान रिकामं. ५० मीटर पुढे सरकलात की टोळी हवेतून उगवते. अंतर वाढवायचं म्हटलं (मॉडवाले, म्हणजे गेममध्ये स्वतः बदल करणारे चाहते, वाढवतातही) तर एकाच वेळी जास्त जीव ऑनलाइन येतात, मशीन धापा टाकतं, आणि ज्या कथेतल्या माणसाला तुम्ही अजून भेटलाही नाही तो दूरवरच्या मारामारीत मरून जातो.

स्टॉकर २ मध्ये (२० नोव्हेंबर २०२४) हेच अंगाशी आलं. ए-लाइफ २.० चा गाजावाजा झाला, प्रत्यक्षात शत्रू पाठीमागे काही पावलांवर प्रकट व्हायचे. कंपनीने स्वतः सांगितलं की मेमरी वाचवण्यासाठी खेळाडूभोवतीचं हे वर्तुळ लहान करावं लागलं. डिसेंबरच्या १.१ पॅचमध्ये इतर १८०० हून जास्त दुरुस्त्यांबरोबर हेही सुधारायला घेतलं.

अवांतर: सायबरपंक २०७७ च्या पोलिसांचं डिसेंबर २०२० मध्ये हेच झालं होतं. गुन्हा केला की पाठीमागे हजर. गाडीतून पाठलाग करणारे पोलीस थेट २०२३ च्या २.० आवृत्तीत आले.

---

घाटावरचा गुंडोपंत

मग फार क्राय ३ (२०१२) ने काय केलं? सरळ शरणागती! ठाणं एकदा जिंकलं की कायमचं तुमचं. परिणाम: गेमच्या शेवटच्या टप्प्यात बेटावर मारायला कोणी उरत नाही. पुढे पॅचमध्ये ठाणी पुन्हा शत्रूने भरून घ्यायची सोय द्यावी लागली. म्हणजे ज्यासाठी दुसऱ्या भागाला झोडपलं, तेच तिसऱ्यात लोकांनी मागून घेतलं. फरक इतकाच की बटण खेळाडूच्या हातात.

---

डॉ. कडुनिंब

पाचव्या भागात (२०१८) वेगळीच तऱ्हा. होप काउंटीचे तीन प्रदेश, प्रत्येकाचा एक प्रमुख. तुम्ही काहीही करा, प्रतिकाराचे गुण वाढतात आणि मीटर ठरावीक रेषेवर गेला की तुम्हाला धरायला टोळी निघते. ब्लिसचा (गेममधला अंमली पदार्थ) एक मारा लागला की डोळ्यांपुढे अंधारी, आणि थेट कैदेतला प्रसंग. हे दर प्रदेशात पुन्हा पुन्हा.

कल्पना चांगली आहे, कारण मुक्त जगात खलनायक कोपऱ्यात वाट बघत बसतो हा जुनाच रोग. इथे तो स्वतः येतो. पण चुकवायची सोय नाही. लपा, पळा, हेलिकॉप्टरात असा, धरले जाणारच. दुसऱ्या भागात बेत *थोडा* मोडायचा होता; इथे बेतच हिसकावून घेतला.

---

नाठाळ निलगिरी

दुरुस्ती काय करायची ते बोला कोणीतरी. दोष काढणं सोपं आहे (मीच जास्त काढलेत).

---

डांबरी रस्ता

चौक्यांपुरतं बोलतो. समजा ६० चौक्या आहेत. प्रत्येकीसाठी चार आकडे ठेवायचे: मालक गट, शिल्लक माणसं (० ते ६), शेवटच्या चकमकीची वेळ, आणि कुमक निघाली की नाही. एकेक बाइट धरला, वेळेला दोन, तर चौकीला ५ बाइट. ६० चौक्यांचे ३०० बाइट. सेव्ह फाइलला कळणारही नाही. २००८ च्या मशीनला हे झेपलं नसतं हा युक्तिवाद टिकत नाही.

भरती आपोआप करायची नाही. चौकी रिकामी झाली की जवळच्या मोठ्या तळावरून, समजा २० मिनिटांनी, दोन माणसांचा ट्रक निघतो आणि खऱ्या रस्त्याने येतो. तो उडवला की आणखी २० मिनिटं. तळाचीच नासधूस केली की त्या भागातली कुमक थंडावते. ताफे गोल गोल फिरवण्यापेक्षा हेच ट्रक ताफे म्हणून वापरता आले असते.

यात काय बिघडेल तेही सांगतो. सगळे तळ उद्ध्वस्त केले तर पुन्हा फार क्राय ३ सारखा ओसाड नकाशा. म्हणून रिकामी चौकी काही वेळाने दुसऱ्या गटाने बळकवायची. पण दोन्ही गट तुमच्यावर गोळ्या झाडणार असतील तर मालक बदलून उपयोग शून्य. म्हणजे आधी रात्रपाळी म्हणतात तो गुप्त कामाचा बहाणा काढावा लागतो, गटांशी तुमचे संबंध मोजावे लागतात, आणि मग एका गटाची कामं बंद झाली तर कथा कशी पुढे न्यायची हा प्रश्न येतो. एक स्क्रू सैल केला की पुढचे चार निघतात. बहुधा म्हणूनच त्यांनी हात लावला नसावा.

---

सुपारीबाग

गटांचं युद्ध खरोखर चालवून बघितलं ते क्लिअर स्कायने, त्याच २००८ मध्ये. ठाणी हातोहात बदलतात, तुम्ही एका गटात सामील होता. पण पीडीएवर (हातातलं छोटं संदेशयंत्र) दर थोड्या वेळाने "हल्ला झालाय, मदत करा", आणि पायी तिथवर पोचेपर्यंत लढाई संपलेली. जिंकलेलं ठाणं तुम्ही दुसरीकडे गेलात की पुन्हा हातचं जातं. डांबरी रस्ता यांच्या २० मिनिटांच्या कुमकीलाही हाच धोका आहे: वेळ नकाशाच्या लांबीवरून ठरवायला हवी. एका टोकापासून दुसरं टोक गाठायला जितका वेळ लागतो, त्याच्या दुपटीपेक्षा कुमक लवकर यायला नको.

---

टपालपेटी

वाचनमात्र होतो, एक विचारायचंय. आज पीसीवर पहिल्यांदा खेळायचा असेल तर या चौक्यांचा त्रास कमीत कमी कसा करायचा? आणि काही पॅच वगैरे लागतो का?

---

रात्रपाळी

@टपालपेटी, क्रमाने:

लांबचा प्रवास बसने. बस थांबे दर नकाशात पाचच, चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी, पण अर्ध्या चौक्या तिथेच टळतात. त्यानंतर नदी: होडीच्या वाटेवर पहारे विरळ. जीपने जायचंच असेल तर चौकीच्या अलीकडे रस्ता सोडून झाडीतून वळसा घाला. मागे जीप लागली तर पळू नका. ती तुमच्यापेक्षा चांगली आहे, वर मशीनगन आहे. गाडी थांबवा, उतरा, चालकाला टिपा आणि तीच जीप घ्या. तुमची बंद पडली तर बॉनेट उघडून पाना फिरवला की दुरुस्त होते, पण गोळीबारात ते करू नका.

नकाशा हातात धरून गाडी चालवता येते आणि गेम थांबत नाही. रस्त्यावरच्या पाट्यांकडे लक्ष ठेवा: ज्या दिशेला काम आहे ती पाटी लाल दिसते. नकाशा मिटूनही पोचता येतं.

पहिले हिरे विश्वासार्हतेच्या पुस्तिका आणि सेफ हाऊसमधल्या शस्त्रपेट्यांवर घाला, भारी बंदुकांवर नको. गवत वाळलेलं असेल तर वाऱ्याच्या दिशेने मोलोटोव्ह (पेटती बाटली) टाका आणि स्वतः वाऱ्याच्या उलट बाजूला राहा.

पॅचचं: मल्टी फिक्सर म्हणून चाहत्यांनी केलेली छोटी दुरुस्ती आहे. जॅकलच्या टेप्सचा (गेममध्ये सापडणारी ध्वनिमुद्रणं) घोळ सुटतो आणि दृष्टीचा कोन वाढवता येतो. मोठी मॉड टाकायची असेल तर डेटा_विन३२ फोल्डरमधल्या patch नावाच्या दोन फाइल्स (एक डॅट, एक फॅट) आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा. बहुतेक मॉड त्या दोनच फाइल्स बदलतात, त्यामुळे एका वेळी एकच मॉड चालते.

---

नाठाळ निलगिरी

@रात्रपाळी, 'पॅच' लिहा की देवनागरीत, बाकीचं लिहिलंतच. आणि @टपालपेटी, मोलोटोव्ह टाकताना चौकीतल्या दारूगोळ्याच्या पेट्यांपासून लांब उभे राहा. आग तिथवर गेली की गोळ्या चहूकडे उडतात, आणि त्या कोणाच्या गटाचे तुम्ही आहात ते विचारत नाहीत.